मृत्युपत्र वाचण्याआधी फेरफार वाचा

‘वडिलांनी सगळी जमीन धाकट्याच्या नावे लिहून ठेवली, आता आमचं काय?’ शहापूर-मुरबाडच्या गावांतून वकिलाकडे येणाऱ्या बहुतेक वारसांचं पहिलं वाक्य हेच असतं, आणि लगेच दुसरं, की सही खोटी आहे. मग सगळं घर त्या सहीमागे लागतं. अंगठा कुणी घेतला, कागद कुठे केला, साक्षीदार कोणत्या पार्टीचा. या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो विचारायचं राहून जातं. वडिलांना ही जमीन देता येत होती का, आणि येत असेल तर किती?

आटगाव, खर्डी, वासिंद, किन्हवली, डोळखांब, तिकडे सरळगाव-टोकावडे या भागात हा वाद आत्ताच का उफाळतो, हे सांगायला नको. कसाऱ्याच्या लोकलने मुंबईशी बांधलेला हा पट्टा. नाशिकचा महामार्ग होताच, त्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. ज्या वरकस जमिनीकडे नाचणी-वरीपलीकडे कुणी पाहत नव्हतं, तिथे आता दलाल मोजणीचा नकाशा घेऊन उभा असतो. भाव नव्हता तेव्हा भावाभावांत तोंडी वाटप चालून गेलं. ‘ओढ्यापलीकडचं तुझं, अलीकडचं माझं’ एवढ्यावर दोन पिढ्या निघाल्या. भाव आला आणि कपाटातले कागद बाहेर आले.

जमीन आली कुठून?

मृत्युपत्र बाजूला ठेवा आणि सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. पण आजचा उतारा पुरत नाही. त्यावर भोगवटादाराच्या नावाखाली आणि इतर हक्कांच्या रकान्यात फेरफारांचे क्रमांक असतात. तो एकेक क्रमांक मागे मागे नेत जुन्या हस्तलिखित सातबारापर्यंत आणि त्याआधीच्या हक्काच्या पत्रकापर्यंत पोचायचं. काही कागद ‘आपले अभिलेख’वर दिसतात, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. तरी निम्मा दावा इथेच कळतो, म्हणून ते दुसऱ्यावर सोपवू नका.

फेरफारात एक शब्द शोधायचा: जमीन कशाने आली? खरेदीने, वारसाने, वाटपाने की कूळकायद्याने?

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावे खरेदीखताने घेतली असेल, तर ती त्यांची. ती त्यांनी धाकट्याला दिली, पुतण्याला दिली किंवा देवळाला दिली, तरी मृत्युपत्र खरं असेल तर तक्रारीला जागा नाही. मुलींनाही नाही आणि मुलांनाही नाही. हे कटू आहे, पण आधीच कळलेलं बरं. पाच-सात वर्षं तारखा करून कळण्यापेक्षा.

वारसाने आली असेल तर तारीख पाहा. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबांची जमीन त्यांची स्वतःची होती आणि ते त्या तारखेनंतर मृत्युपत्र न करता गेले, तर वडिलांच्या वाट्याला आलेला हिस्सा वडिलांचा स्वतःचा समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे सांगितलं आणि पुढे तेच कायम राहिलं. लोकांना हे पटत नाही. ‘आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित, वडिलोपार्जित म्हणजे माझा जन्मतः हक्क’ हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं गणित. ते दरवेळी खरं नसतं. आजोबा १९५६ च्या आधी गेले असतील, किंवा जमीन त्यांच्याही आधीपासून एकत्र कुटुंबाची असेल, तर मात्र हक्क जन्माने येतो आणि वडिलांना सगळी जमीन लिहून देता येत नाही. जुन्या सातबारावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसली, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भावंडांच्या वतीने नाव लागलेला, एकटा मालक नव्हे. अशा नोंदीची प्रमाणित नक्कल हातची सोडू नका.

या भागात सगळ्यात गुंता होतो तो कुळाच्या जमिनीचा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारी कुळं कायद्याने मालक झाली, पुढे किंमत ठरली, हप्ते भरले, ‘३२ म’चं प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर नाव घरातल्या थोरल्याचं. पण जमीन कसत होते आजोबा आणि सगळे भाऊ मिळून, हप्ते गेले ते एकत्र भाताच्या पैशांतून. मग ती थोरल्याची स्वतःची की सगळ्यांची? याचं एका ओळीत उत्तर नाही. १९५७ च्या आधीच्या पीकपाहणीत कूळ म्हणून कुणाचं नाव आहे, त्यावर बरंच अवलंबून राहतं. शिवाय इतर हक्कात ‘कूळकायदा कलम ४३ ला पात्र’ असा शेरा असतो. अशी जमीन मृत्युपत्राने घराबाहेरच्या माणसाला देणं हेही बंदी असलेलं हस्तांतरणच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. खटला गुजरातचा, पण कायदा तोच, १९४८ चा आपला मुंबईचा कूळकायदा. तेव्हा ‘सेवा केली म्हणून’ शेतघरवाल्या शेटच्या नावे कूळजमिनीचं मृत्युपत्र निघालं, तर तो शेरा आधी वकिलाला दाखवा.

महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबांचं वेगळं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे तो कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. रूढी पाहिली जाते. पण मुलींना वगळणारी रूढी आहे, असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायला हवी आणि ती नसेल तर समानतेच्या तत्त्वाने मुलींनाही हिस्सा, अशा अर्थाचा निकाल १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात दिला. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांचं बंधन आहेच. पुढचं गणित हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांचं आहे.

सांगलीच्या हिराबाईंचं गणित

खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. आईने आपला हिस्सा मागितला, दावा सांगलीच्या न्यायालयात सुरू झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. न्यायालय म्हणालं, मृत्यूच्या आदल्या क्षणी घरात वाटप झालं असं धरा. नवरा, बायको आणि दोन मुलगे यांचे चार सारखे वाटे. नवऱ्याचा तो चौथा वाटा मग सहा वारसांत वाटा. हिराबाईंना स्वतःचा एकचतुर्थांश आणि नवऱ्याच्या वाट्यातला एकचोविसांश, मिळून सातचोविसांश. आपल्याकडच्या वाटण्यांत आईला ‘पोटगीपुरतं’ धरायची जी पद्धत आहे, तिला या निकालाने कधीच रजा दिली आहे. गावात ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

त्या वेळी मुलींना फक्त वडिलांच्या वाट्यातला तुकडा मिळे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलासारखीच सहदायाद केली. त्या दिवशी वडील हयात हवेत का, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल आले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात ते मिटलं. वडील हयात असण्याची गरज नाही, मुलीचा हक्क जन्माचा. अपवाद असा, की २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते मोडत नाही. ‘आमचं तोंडी वाटप १९८५ लाच झालं होतं’ ही सबब आता एरवी चालत नाही. त्या काळातले सरकारी कागद पाठीशी असतील तरच तिचा विचार होतो.

आता आपलं उदाहरण घेऊ. एकत्र कुटुंबाची पाच एकर जमीन. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. काल्पनिक वाटपात पाच वाटे, प्रत्येकी एक एकर. मृत्युपत्र नसेल तर वडिलांचा एक एकर चौघांत, म्हणजे दहा-दहा गुंठे. प्रत्येकाला सव्वा एकर. आणि मृत्युपत्र असेल, त्यात ‘माझी पाच एकर जमीन धाकट्याला’ असं लिहिलं असेल, आणि ते शंभर टक्के खरं ठरलं, तर? तरी धाकट्याला दोनच एकर. स्वतःचा एक आणि वडिलांचा एक. आई, थोरला आणि मुलगी यांचा एकेक एकर वडिलांचा नव्हताच, तो ते देणार कुठून? म्हणजे ज्या सहीवर घर दुभंगलं, ती खरी निघाली तरी प्रत्येकाचं नुकसान दहा गुंठ्यांचं. हे गणित बैठकीला बसायच्या आधी कागदावर मांडा. पुष्कळ वाद तिथेच निम्मे होतात.

आता कागदाकडे

जमीन वडिलांची स्वतःची असेल, तर मात्र सगळं मृत्युपत्रावर येऊन ठेपतं. दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनीही करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं असावं लागतं, किंवा तशी कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी लागते. नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं. उलट, नोंदणी झाली म्हणजे ते सिद्ध झालं असंही नाही. हा गैरसमज दोन्ही बाजूंना असतो. एकजण ‘रजिस्टर आहे’ म्हणून निर्धास्त, दुसरा ‘रजिस्टर नाही’ म्हणून खूश.

सिद्ध करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर. किमान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७. आणि त्या एकाने दोघांच्या सह्या शाबीत करायला हव्यात. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, २००२) हेच घडलं. उभ्या केलेल्या साक्षीदाराला दुसऱ्याची साक्षांकनाची सही सांगता आली नाही, दुसरा हयात असून बोलावला नव्हता, मृत्युपत्र पडलं. दोघेही साक्षीदार वारले असतील तर निदान एकाचं हस्ताक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारी माणसं लागतात.

संशयाच्या जागा कोणत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय आणि आजही खालची न्यायालयं त्याच चौकटीने बघतात. लाभ घेणाऱ्यानेच सगळी धावपळ केली का, करणाऱ्याची शुद्ध आणि समज शाबूत होती का, सही थरथरती का, जवळच्या वारसांना कारण न देता वगळलं का. तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर ‘खोटं आहे’ एवढं म्हणू नका. मृत्युपत्राची तारीख घ्या आणि त्या आठवड्यात वडील कुठे होते ते काढा. दवाखान्यात असतील तर केसपेपर आत्ताच मागून घ्या, दहा वर्षांनी ते मिळणार नाहीत. सही ताडायला सोसायटीच्या पीककर्जाचे अर्ज आणि बँकेचं स्लिप-पुस्तक उपयोगी पडतं. सही करणारा माणूस मृत्युपत्रावर मात्र अंगठा देतो, तो का? स्टँपपेपर वापरला असेल तर त्यामागे विकत घेणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. तो मृत्युपत्राच्या तारखेनंतर विकला गेलेला निघाला, तर पुढे फार बोलावं लागत नाही.

तलाठ्याकडची पंधरा दिवसांची खिडकी

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदललं, सजा तीच. मृत्युपत्राच्या आधारे नोंदीचा अर्ज आला की तो फेरफार घालतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते. हरकतीला पंधरा दिवस. कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या बहिणीला ही नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि गावचा भाऊ ती घेतो. म्हणून ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचे प्रलंबित फेरफार अधूनमधून पाहत जा. हरकत लेखीच द्या, कारणांसह, आणि पोच घ्या. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी होते. निकालाविरुद्ध साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं. शहापूरचे प्रांत भिवंडीला, मुरबाडचे कल्याणला.

एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली, मयत खातेदारांऐवजी वारसांची नावं लागली. चांगलं काम. पण घाईत बहिणींची नावं राहून गेल्याची शक्यता असते. आपलं नाव आहे ना, हे पाहून घ्या.

नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही, आणि लागलं म्हणून मालकी येत नाही. फेरफार महसूल वसुलीपुरता; मृत्युपत्रावरून मालकीचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जितेंद्र सिंग खटल्यात पुन्हा बजावलं. तरी हरकत घ्यायचीच. कारण एकदा एकट्याचं नाव लागलं की दुसऱ्याच महिन्यात साठेखत होतं, आणि मग तुमचं भांडण भावाशी न राहता बिल्डरशी होतं.

ते टाळायला दावा आणि मनाई हुकुमाचा अर्ज एकाच वेळी करा. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय विकत घेणाऱ्याला राहत नाही. आणि एक कमी माहितीचं हत्यार. वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारसाने मिळालेला आपला हिस्सा एखादा वारस विकू पाहत असेल, तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. दलालाला हे कलम आवडत नाही.

बहिणींसाठी वेगळं सांगतो. ‘वारसनोंदीसाठी सही लागते, ताई, शहापूरला ये’ असं म्हणून नेतात आणि सही होते ती हक्कसोडपत्रावर. दुय्यम निबंधकाकडे तुमचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. साध्या वारसनोंदीला दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही, एवढी खूणगाठ बांधा. माहेर तुटेल म्हणून खुशीने हक्क सोडायचा असेल तर तो तुमचा निर्णय. पण दस्त घरी आणून, वाचून, मगच. फसवून सही घेतली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. त्यानंतर फार अवघड.

दावा की बैठक?

वाटपाचा दावा जिंकणं आणि जमीन ताब्यात येणं यांत बरंच अंतर असतं. न्यायालय हिस्से ठरवतं, मग शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, भूमी अभिलेखाची मोजणी, पोटहिश्शाचा नकाशा, त्यावर पुन्हा हरकती. दरम्यान दिवाळीच्या सुमारास उभं भात कुणी कापायचं यावरून पोलीस ठाणं. दावा चालू असताना कापणीवरून हातघाईवर येऊ नका. दिवाणी वादाला फौजदारी शेपूट लागलं की दोन्ही लांबतात.

सगळे वारस तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप हा सगळ्यांत स्वस्त रस्ता. दावा लागला असला तरी लोकअदालतीत तडजोड होते. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. शहापूर किंवा मुरबाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. आपल्याकडे हे मागायला लाजतात. लाजू नये, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

जे अजून हयात आहेत आणि लिहू पाहतात, त्यांना थोडकंच. आपलं काय आणि कुटुंबाचं काय हे गटनंबरानुसार वेगळं लिहा. कुणाला वगळत असाल तर कारण लिहा. साक्षीदार आपल्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, गावातच राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. व्यवस्थापक नेमायचा तर त्याला विचारून नेमा. पुण्याच्या बाबा महाराजांनी १८९७ मध्ये मृत्युपत्रात विश्वस्त म्हणून नेमलेल्या लोकमान्य टिळकांना ताई महाराज प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलचा निकाल येईपर्यंत, १९१५ पर्यंत झगडावं लागलं. आपल्या मेहुण्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आणि ज्यांच्या घरात कागद आधीच बाहेर आलाय, त्यांनी वकिलाकडे जाताना नुसतं मृत्युपत्र नेऊ नये. जुना सातबारा, सगळे फेरफार, मृत्यूचे दाखले आणि हाताने काढलेली वंशावळ घेऊन जा. वंशावळीत मुलींची, त्यांच्या लग्नानंतरच्या नावांसह आणि वारलेल्या मुलींच्या मुलांसह, सगळ्यांची नावं असू द्या.